हॅम रेडिओ: बोलण्याआधी ऐकायला शिका

हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवरून इतरांशी बोलण्याच्या छंदाची, ओढ लागली की पुष्कळ जण आधी सेट विकत घेतात आणि मग परवान्याची चौकशी करतात. हा क्रम बदलावा. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे आणि नवशिक्याला सेटपेक्षा सरावलेल्या कानांची गरज अधिक असते.

त्या सरावासाठी पैसेही लागत नाहीत. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात बसवलेला रिसीव्हर इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतो. तो रात्री उघडून ७ मेगाहर्ट्झच्या थोडे वर, म्हणजेच चाळीस मीटरच्या बँडवर, जावे. तेथे संभाषणासाठी लोअर साइडबँड ही प्रक्षेपणाची पद्धत वापरतात. रिसीव्हरवर ती निवडूनही सुरुवातीला बदकांच्या कलकलाटासारखा आवाज येतो, पण वारंवारता अगदी हळू सरकवत नेली की त्यातून शब्द सुटे होऊ लागतात. 'सीक्यू' (कोणीही उत्तर द्यावे) अशी साद कशी घालतात, कॉल साइन (केंद्राची ओळखखूण) 'अल्फा, ब्राव्हो' अशा प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या शब्दांत कशी सांगतात आणि बोलणे संपल्यावर दुसऱ्याने सुरू करण्याआधी क्षणभर का थांबतात, याकडे लक्ष द्यावे. तातडीचा निरोप असलेल्या तिसऱ्या माणसाला त्याच फटीतून आत येता येते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरूनच निरोप पोचवले. अशा वेळी ही शिस्त किती मोलाची ठरते, हे वेगळे सांगायला नको.

भारतात परवान्याच्या परीक्षेसाठी किमान वय १२ वर्षे आहे. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार संकेतस्थळावर भरावा लागतो. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर लेखी प्रश्न असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची, म्हणजे टिंबरेघांच्या सांकेतिक लिपीची, अट नाही आणि तिच्या कॉल साइनची सुरुवात व्हीयू३ने होते. जनरल श्रेणीसाठी, म्हणजे व्हीयू२साठी, मोर्स यावे लागते. माझ्या मते आधी रिस्ट्रिक्टेड श्रेणी घेऊन मोर्सचा अभ्यास चालू ठेवावा, मात्र तो कागदावरच्या टिंबरेघा पाठ करून नव्हे, तर प्रत्येक अक्षराचा नाद ऐकून करावा.

परवाना हाती आल्यावर महागड्या सेटपेक्षा अँटेनाकडे लक्ष द्यावे. साध्या डायपोलची, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी तार असलेल्या अँटेनाची, मीटरमधील एकूण लांबी काढण्यासाठी १४३ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर येते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार हवी. विजेच्या तारांपासून ती पुरेशी दूर बांधावी आणि सुरुवातीला वीतभर जास्तच ठेवावी, कारण एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी किती जुळते ते दाखवणारे उपकरण) पाहत थोडी थोडी कापता येते, तोकडी पडली तर मात्र जोड द्यावा लागतो.