पॅनियरच्या फ्रेमचा बोल्ट तुटला तेव्हा (माझा अनुभव)

साउथ ऑस्ट्रेलियात विल्यम क्रीक सोडलं की ऊडनाडाटापर्यंत सुमारे २०० किलोमीटर पेट्रोल नाही, गॅरेज नाही. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. त्या हादऱ्यांनी आमच्या मोटरसायकलच्या डाव्या पॅनियरच्या, म्हणजे मागच्या चाकाशेजारच्या सामानाच्या पेटीच्या, फ्रेमचा बोल्ट तुटला. मागे बसलेल्या बायकोने खडखड वेळीच ऐकली, नाहीतर पेटी थेट चाकात गेली असती.

अर्धा बोल्ट भोकातच अडकला होता. तो काढत बसलो नाही. रॅचेटच्या (खटका ओढून घट्ट करायच्या) पट्ट्याने फ्रेम चेसिसला करकचून आवळली, घासेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घातला आणि जड हत्यारं टँकबॅगेत (पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीत) हलवली. हादऱ्यांत खरा फरक पडला तो मागच्या टायरची हवा ३६ वरून ३० पीएसआय केल्यावर. अर्थात वेगही उतरवला, नाहीतर टायर तापतो.

पुढे ८.८ ग्रेडचा (मजबूत पोलादी) बोल्ट थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, लावून बसवला. आता पेट्रोल भरताना बायको सगळे बोल्ट हाताने तपासते.