एकाचे गुपित, साऱ्या घराचे सत्र: कौटुंबिक समुपदेशकाने गोपनीयता कशी सांभाळावी

कौटुंबिक समुपदेशनाची पहिली वेळ ठरली की बहुधा आदल्या दिवशी एक फोन येतो. "उद्या तिच्यासमोर बोलता येणार नाही, म्हणून आधीच कानावर घालून ठेवतो, पण मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नका," अशी त्याची सुरुवात असते, मग बोलणारा नवरा असो वा सासूबाई असोत. सौजन्यापोटी हा फोन पूर्ण ऐकून घेतला, की दुसऱ्या दिवशी सत्र सुरू होण्याआधीच समुपदेशक एका बाजूचा झालेला असतो. म्हणून बोलणाऱ्याला तिथेच थांबवावे आणि "माझे नियम उद्या सर्वांसोबत ऐका, मग सांगा," असे नम्रपणे, पण स्पष्ट म्हणावे.

हे नियम पहिल्याच सत्रात, घरातल्या प्रत्येक प्रौढाला समजतील अशा साध्या मराठीत लेखी संमतीपत्रावर मांडावेत. क्लायंट कोण, हे त्यात सर्वप्रथम लिहावे; फी सासरे भरत असले, तरी ते क्लायंट नसतील तर सत्रात काय झाले हे विचारण्याचा त्यांना अधिकार नाही, ही गोष्ट आपल्याकडे तोंडी सांगून भागत नाही. वडीलधाऱ्यांनी मान डोलावली म्हणजे सुनेची संमती मिळाली असेही धरू नये. तिच्याशी स्वतंत्रपणे बोलूनच तिची सही घ्यावी.

गुपितांबाबत साधारणपणे दोन धोरणे रूढ आहेत. एकात, स्वतंत्र भेटीत कळलेली कोणतीही गोष्ट जोडीदारापासून लपवली जात नाही. दुसऱ्यात, काय उघड करायचे ते समुपदेशक सर्वांचे हित पाहून ठरवतो. पहिले धोरण पाळायला सोपे, परंतु मार खाणारी बाई त्यामुळे तोंडच उघडत नाही, म्हणून मला दुसरे अधिक योग्य वाटते.

या धोरणाची खरी कसोटी लागते ती नवरा एकटा भेटून चालू विवाहबाह्य संबंधांची कबुली देतो आणि बायको मात्र संसार सावरण्याच्या आशेने येत असते तेव्हा. समुपदेशकाने स्वतः जाऊन ते बायकोला सांगू नये; पण काहीच ठाऊक नसल्यासारखी जोडीची सत्रे चालवत राहणे ही तिची फसवणूकच ठरते. नवऱ्याला ठरावीक मुदत, उदाहरणार्थ दोन सत्रे, द्यावी. ते कसे सांगावे याची तयारी त्याच्याकडून करून घ्यावी. आणि तरीही तो तयार नसेल तर जोडीचे काम थांबवावे.

हिंसेची शंका आली तर एकत्र सत्र घेऊच नये, कारण तिथे उच्चारलेल्या वाक्याची किंमत मार खाणाऱ्या बाईला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिला एकटीला भेटून सुरक्षिततेचा आराखडा करावा आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवावी. बालकाच्या लैंगिक शोषणाबाबत मात्र कोणाची परवानगी मागत बसता येत नाही: 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही मर्यादा संमतीपत्रात ठळक असावी.

"इथलं बोलणं बाहेर जाणारच नाही" असे वचन म्हणूनच कधी देऊ नये. वकिलाला अशिलाबाबत मिळणारे साक्षीपुराव्यातले संरक्षण खासगी समुपदेशकाला मिळत नाही, हे घटस्फोटाची नोटीस आल्यावर कळून उपयोग नसतो. जोडीच्या सत्रांच्या आणि स्वतंत्र भेटींच्या नोंदी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवाव्यात. एकाच पक्षाने त्या मागितल्या, तर दोघांच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या देऊ नयेत. मुलांचा ताबा कोणाकडे असावा, याबद्दलही आपल्याच क्लायंटविषयी मत लिहून देऊ नये.

गुपितामुळे काम थांबवावे लागले, तर कारण सांगताना ते गुपितच फुटण्याचा धोका असतो. "सध्याच्या परिस्थितीत मला दोघांनाही न्याय देता येणार नाही," एवढेच दोघांना एकाच वेळी सांगावे, आणि प्रत्येकाला वेगळ्या समुपदेशकाचे नाव द्यावे. बायकोने "त्यांनी तुम्हाला काही सांगितलं का?" असे थेट विचारले, तर खोटे बोलू नये, स्वतंत्र भेटीतले बोलणे ज्याचे त्यानेच सांगायचे, हा संमतीपत्रातला नियम तिला पुन्हा वाचून दाखवावा.