छातीच्या ऑपरेशनमध्ये सॅचुरेशन पडतंय? औषधांच्या या चुका टाळा

एक फुफ्फुस बंद ठेवून दुसऱ्या एका फुफ्फुसावर व्हेंटिलेशन चालू असताना सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) पडलं की आधी ऑक्सिजन 100 टक्के करा आणि स्कोपने (बारीक दुर्बिणीने) श्वासनळीतली ट्यूब बघा, कारण बहुतेक वेळा ट्यूबच सरकलेली असते, त्यात वाद नाही. पण ट्यूब जागेवर असेल तर पुढची नजर सिरिंज पंपांवर गेली पाहिजे आणि तीच जात नाही!

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे बीपी वाढलं की लगेच एनटीजी, म्हणजे बीपी उतरवणारं नायट्रोग्लिसरीन. अहो, बंद केलेल्या फुफ्फुसात ऑक्सिजन नसतो म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त चालू फुफ्फुसाकडे वळतं, पेशंट त्याच्यावरच तरलेला असतो. एनटीजी त्या वाहिन्या परत सैल करतं. एकदा मला ओटीत बोलावलं तेव्हा सॅचुरेशन 98 वरून 87 वर आलेलं, दोघं जण ट्यूबशी झटत होते. स्कोप घातला तर ट्यूबच्या निळ्या कफची (फुग्याची) कड डाव्या ब्रॉंकसमध्ये (फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीत) जिथे दिसायला हवी तिथेच होती. मग पंप बघितले. बीपी 170 झालं म्हणून एनटीजी लावलेलं, आणि वेदना थांबवणाऱ्या फेंटानिलचा शेवटचा डोस कधी दिला ते विचारलं तर कुणालाच सांगता येईना. सर्जनना थांबवून दोन्ही फुफ्फुसं फुगवली, एनटीजी बंद केलं, फेंटानिल दिलं. बीपी उतरलं, परत एका फुफ्फुसावर गेलो तर सॅचुरेशन 94 वर टिकलं. पेशंटला दुखत होतं म्हणून बीपी वाढलेलं, इतकं साधं होतं. तेव्हापासून मी बीपी वाढलं की आधी भूल आणि वेदना बघते, एनटीजी त्यानंतर.

आयसो, सेवो हे भुलेचे वायू 1 मॅकच्या (वायूची मात्रा मोजायचं माप) आत ठेवा, तेवढ्यात वाहिन्यांचं ते आवळणं फार बिघडत नाही, सगळ्यांना शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉलवरच न्यायची गरज नाही.

रिव्हर्सलची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवायची, घाई तर अजिबात नको. ब्लॉक (स्नायूंचा सैलपणा) खोल असताना निओस्टिग्मिन हा उतारा दिला की काम अर्धवटच होतं, आणि पेशंटने डोकं उचललं म्हणजे ताकद आली असं धरून ट्यूब काढणं मला पटतच नाही. नसेला विजेचे चार झटके दिल्यावर स्नायूचे चार ट्विच डोळ्यांना सारखे दिसले तरी रेशो (चौथ्या ट्विचचं पहिल्याशी प्रमाण) 0.9 च्या बराच खाली असू शकतो, मॉनिटर लावून आकडा बघा. छाती उघडलेल्या पेशंटला खोकायला, कफ काढायला पूर्ण ताकद लागते.

आणि रिकव्हरीत मॉर्फिननंतर श्वास स्वतः मोजा, मास्कमधून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मिनिटाला 8 वर आला तरी सॅचुरेशन 99 दाखवू शकतं.