परदेशात गाडी नवरा चालवतो, रस्ता मी सांगते

अनोळखी वाहतुकीत चालवणाऱ्याने फोनकडे बघू नये, या मताची मी आहे. म्हणून परदेशात आमची वाटणी ठरलेली असते: त्याची नजर रस्त्यावर, माझी नकाशावर. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचं काम मात्र निघायच्या कितीतरी आधी सुरू होतं.

हॉटेलं बुक करण्याआधी मी रस्ते बघते, आणि किलोमीटरऐवजी तास मोजते. न्यूझीलंडमध्ये ‘ते अनाऊ’ या गावाहून मिलफर्ड साउंड जेमतेम १२० किलोमीटर. नकाशा साधारण दोन तास दाखवतो. पण वळणं आहेत, होमर बोगद्यापाशी सिग्नलला थांबावं लागतं, मिरर लेक्सपाशी तर उतरावंसं वाटणारच. मी जायलाच साडेतीन तास धरते. त्या वाटेवर बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. टाकी ‘ते अनाऊ’लाच फुल करून घ्यावी. एरवी माझा हिशोब असा: हायवेला नकाशाच्या वेळेत पाव भाग वाढवायचा, घाटरस्त्याला निम्मा. एवढं करून दिवसाचं ड्रायव्हिंग पाच तासांवर गेलं, तर मधे एक मुक्काम घालायचा.

मग बघायचं, आपल्या तारखांना तो रस्ता उघडा आहे का. आल्प्समधली स्टेल्विओ खिंड २७५७ मीटर उंचीवर आहे, हिवाळाभर बर्फामुळे बंद असते. आइसलँडमध्ये ज्या रस्त्यांच्या नंबराआधी ‘एफ’ असतो ते डोंगरी रस्ते उन्हाळ्यातच उघडतात, तेही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनाच. तिथल्या रस्ते खात्याच्या साइटवर ताजी स्थिती कळते. रोज सकाळी ती बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. भाड्याच्या गाडीचा करारही आताच वाचा. कच्च्या रस्त्यावर किंवा सीमेपलीकडे विमा लागू नसेल, तर सगळा मार्ग बदलावा लागतो.

इटलीत आणखी एक गोष्ट सांभाळायची. फ्लॉरेन्स, सिएनासारख्या शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ असतं, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना मज्जाव. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाचं पत्र खूप नंतर येतं. नॅव्हिगेशनच्या भरवशावर राहू नका, ते सरळ आत नेऊ शकतं. मी हॉटेलऐवजी त्या हद्दीबाहेरच्या पार्किंगचा पिन टाकते. हॉटेल आतच असेल, तर गाडीचा नंबर नोंदवून परवानगी काढता येईल का, हे त्यांना आधी विचारायचं. स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतं, ४० फ्रँकचं, वर्षभराचं. शेजारच्या देशातून गाडी घेऊन येणार असाल तर ते आधीच घ्या.

फोनमध्ये त्या भागाचे नकाशे वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ऑफलाइन असताना ट्रॅफिक दिसत नाही, म्हणून गर्दीच्या शहरांसाठी डेटा हवाच. जोडीला ऑर्गॅनिक मॅप्ससारखं दुसरं ॲप असावं. स्वित्झर्लंडमध्ये स्पीड कॅमेऱ्यांची सूचना देणारी सोय वापरायला बंदी आहे, ती बंद करा. जपानमध्ये गाडीतल्या नॅव्हिगेशनला पत्त्यापेक्षा त्या ठिकाणचा फोन नंबर किंवा मॅपकोड (त्या जागेचा नकाशावरचा क्रमांक) देणं सोपं जातं. ते आधीच लिहून न्या.

गुगल मॅप्स वेळ वाचवणारा रस्ता देतो, देखणा नाही. मेलबर्नहून वॉर्नाम्बूल टाकलं की तो आतल्या प्रिन्सेस हायवेने नेतो. समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड हवा असेल, तर लॉर्न आणि अपोलो बे हे थांबे आपणच घालायचे.

याशिवाय मी रोजचा एक कागद करते: रस्त्यांचे नंबर आणि पुढच्या मोठ्या गावांची नावं, कारण युरोपातल्या पाट्यांवर तेच दिसतं. राउंडअबाउट यायच्या बऱ्याच आधी “तिसरा एक्झिट” असं सांगायचं, आत शिरल्यावर नाही. आणि वळण हुकलंच, तर ब्रेक मारायचा नाही की रिव्हर्स घ्यायचा नाही. “चल पुढे” म्हणायचं आणि पुढचा एक्झिट शोधायचा.