फोटो फसतो कुठे? चौकटीतल्या या चुका टाळा

चेहरा फोकसमध्ये आहे, उजेडही ठीक आहे, तरी फोटो बघवत नाही. अशा वेळी दोष बहुधा माणसात नसतो, त्याच्या मागे आणि चौकटीच्या कडांना असतो. आपली नजर चेहऱ्यावर खिळते आणि बाकीचं सगळं आपोआप गाळलं जातं. कॅमेरा काहीच गाळत नाही.

डोक्यातून उगवलेला खांब हा त्याचा नेहमीचा नमुना. दोन डोळ्यांमुळे तो खांब दहा फूट मागे आहे हे आपल्याला कळतं. सपाट फोटोत मात्र तो थेट टाळूवर येऊन बसतो. आपण एक पाऊल बाजूला सरकलो की खांब सुटतो. मानेतून आरपार जाणारी कठड्याची किंवा क्षितिजाची रेघही तशीच: कॅमेरा वीतभर वर किंवा खाली घ्या. मागचं धूसर केलं की भागेल, या भ्रमात राहू नका. धूसर खांबही डोक्यातूनच उगवतो.

बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. दोन सेकंद पुरतात. अर्धी चप्पल, कुणाचं तरी कोपर, कोपऱ्यातला पांढराशुभ्र तुकडा. नजर आधी उजळ भागाकडे धावते, त्यामुळे तो एवढासा तुकडाही चेहऱ्याशी भांडतो. माणूस अर्धा घ्यायचा असेल तर घोटा, गुडघा, मनगट अशा सांध्यांवर कापू नका. मांडीच्या मध्यावर किंवा कमरेच्या थोडं वर कापलं की खटकत नाही.

नाक मोठं आलं की लोक लेन्सला नावं ठेवतात. खरा दोष अंतराचा. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान साधारण ४२ सेंमीवर असतात. म्हणजे कानाच्या मानाने नाक जवळपास १.४ पट मोठं उमटतं. तेच २ मीटरवरून घेतलं तर हा फरक ६ टक्क्यांवर येतो. म्हणून आधी मागे सरका, मग झूम करा. ग्रुप फोटोत टोकाची माणसं फुगीर दिसतात, तिथेही मागे जाऊन दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा.

सगळं मधोमध येतं, कारण फोकसचा चौकोन मध्येच ठेवलेला असतो. तो हलवा किंवा फोनवर चेहऱ्यावर टॅप करा. ग्रिड (पडद्यावर चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या रेघा) चालू करून डोळे वरच्या आडव्या रेघेच्या आसपास ठेवा आणि माणूस ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त जागा द्या. पाण्यातलं प्रतिबिंब किंवा दोन्हीकडे सारखी कमान असेल तर मात्र खुशाल मधोमध घ्या. तिथे एक तृतीयांशचा नियम, म्हणजे मुख्य गोष्ट मध्यावर न ठेवता ग्रिडच्या रेघांवर ठेवणं, पाळण्यात काही अर्थ नाही.

तिरकं क्षितिज नंतर सरळ करता येतं, पण प्रत्येक अंशागणिक कडा छाटल्या जातात. प्रिंटचंही तसंच. फोनचा फोटो सहसा ४:३ असतो आणि ४×६ इंचाचा कागद ३:२. कागद पूर्ण भरायचा तर आडव्या फोटोची सुमारे ११ टक्के उंची जाते, उभ्या फोटोची तेवढीच रुंदी. तेव्हा आडव्या फोटोत डोक्यावर आणि पायाखाली, उभ्यात दोन्ही बाजूंना, तेवढी जागा काढतानाच सोडा.