आधी पाणी बघा, मग मासा आणा: खानापूर-निपाणी पट्ट्यातलं सिक्लिड-पालन

मासा आवडला म्हणून आणायचा आणि मग त्याला मानवेल असं पाणी तयार करत बसायचं, हा उलटा उद्योग आहे. आमच्या भागात तर त्याची गरजच नाही. बेळगाव जिल्ह्यात माझं सासर खानापूरचं, माहेर निपाणीचं. सासरी जांभ्या मातीतली विहीर, पाणी इतकं हलकं की अंगावरचा साबण लवकर निघत नाही. माहेरी काळ्या रानातली बोअर, पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर धरतो. सिक्लिड कुळातल्या माशांची पैदास दोन्ही घरी होते, पण वेगवेगळ्या सिक्लिडची. खानापुरात माझ्याकडे एंजल आणि क्रिबेन्सिस, निपाणीत दादाकडे आफ्रिकेतल्या मलावी तलावातले पिवळे येलो लॅब. मी दादाचे मासे इकडे आणत नाही आणि तो माझे तिकडे नेत नाही.

सिक्लिड म्हणजे काही फार परका प्राणी नव्हे. मासळीबाजारात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच. आफ्रिकेतली ही मासळी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि आता कुठल्या तळ्यात नाही असं नाही. आपले स्वतःचे म्हणावेत असे सिक्लिड तीनच. गोव्यात काळुंदर म्हणून खातात तो एक, त्याच्याहून लहान नारिंगी क्रोमाइड दुसरा, आणि तिसरा दक्षिण कन्नडच्या नद्यांत सापडणारा कॅनरा पर्लस्पॉट, जो मुख्यतः आपल्या कर्नाटकातलाच. बाकी काचेच्या पेटीतले बहुतेक सगळे अमेझॉनकडचे, मध्य अमेरिकेतले नाहीतर आफ्रिकेतले.

तेव्हा पहिलं काम पाणी तपासणं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते, मोजायची बाटली आणि जडपणा मोजायचं किट घ्या. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, पण तो पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतो, चुना किती ते सांगत नाही. तरी विहीर आणि बोअर यांतला फरक त्यावरही लगेच दिसतो. पीएच साडेसहा-सातच्या आसपास आणि पाणी हलकं असेल तर एंजल, क्रिबेन्सिस, अपिस्टोग्रामा. पीएच पावणेआठच्या वर आणि पाणी जड असेल तर मलावीचे मासे. बेळगावात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा हलकंच, एंजलला चालतं, पण त्यात क्लोरीन असतं. उघड्या पिंपात एअर पंप लावून एक दिवस ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात हायपोचे खडे मिळतात, ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका.

हलक्या पाण्याची एक खोड आहे. त्यात पीएच धरून ठेवणारं काही नसतं, त्यामुळे जुन्या टँकमध्ये तो हळूहळू घसरत जातो आणि एक दिवस एकदम खाली येतो. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं तर हे सहसा होत नाही. पाणी बदलायचा कंटाळा करणाऱ्यांनी हलक्या पाण्याच्या नादी लागू नये. जड पाण्याची खोड निराळी: पीएच जितका चढा, तितका माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त विषारी. तिथे मासे जरा कमी ठेवायचे आणि खाणं हात राखून टाकायचं.

नवीन टँक भरल्या दिवशी मासे सोडायचे नाहीत, हे दुकानदार सांगत नाही म्हणून मी सांगते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडच्या थंडीत त्याहूनही जास्त. कुणाच्या चालू टँकमधल्या फिल्टरचा स्पंज मिळाला तर तो आपल्या टँकमध्ये पिळून घ्या, निम्मा वेळ वाचतो. मात्र त्या घरचे मासे धडधाकट असल्याची खात्री करा, कारण स्पंजाबरोबर रोगही येतो.

आता एंजल. नर-मादी ओळखून जोडी विकत घ्यायला जाऊ नका. विकणारा शपथेवर सांगेल, पण एंजलमध्ये नर-मादी बाहेरून कळत नाहीत. अंडी द्यायच्या वेळी पोटाखाली नळी उतरते तेव्हाच कळतं: नराची बारीक टोकदार, मादीची जाड बोथट. सरळ नाण्याएवढी सहा-आठ पिल्लं आणा आणि एकत्र वाढवा. वर्षाच्या आत त्यांतले दोघे एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना तिथून हुसकावतात. ती तुमची जोडी. त्यांची त्यांनी लावून घेतलेली जोडी टिकते, आपण लावलेली बऱ्याचदा टिकत नाही. (दोन माद्याही अशी जोडी करतात आणि अंडीही घालतात. प्रत्येक वेळी सगळीच्या सगळी अंडी पांढरी पडली, म्हणजे फळलीच नाहीत, तर हा संशय घ्या.)

जोडीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक द्या. काठोकाठ सव्वाशे लिटर होतो. तळाला वाळू-खडी काही नको, उघडी काच बरी, साफ करता येते. स्पंज फिल्टर आणि हीटर, बस्स. अंडी घालायला उभा पृष्ठभाग लागतो. परदेशी स्लेट दुकानात मिळते, मी मात्र खानापुरातच मिळणारी मातीच्या कौलाची पट्टी तिरकी टेकवून ठेवते. पीव्हीसी पाइपचा तुकडाही चालतो. शहाबादी फरशीचा तुकडा इथे ठेवू नका. शहाबादी म्हणजे चुनखडी, ती पाण्यात थोडी थोडी विरघळते आणि पाणी जड करते. काळा कडप्पाही त्याच जातीचा. कुठल्याही दगडावर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाकून बघा. फेस आला की तो दगड एंजलसाठी बाद. दगड नंतर नीट धुवा, आणि ॲसिडचं काम परसात करा.

तापमान 27-28 अंशांवर ठेवा. दिवसातून दोनदा चांगलं खायला घाला. डासांच्या अळ्यांसारखं खाणं नाही. पावसाळ्यात परसात बादली ठेवली की चार-पाच दिवसांत मिळतात. पण रोज गाळायचा नेम असेल तरच ही बादली ठेवा आणि वर जाळी बांधा, नाहीतर माशांच्या आधी गल्लीला डेंग्यू मिळेल. देशी बदामाची वाळून गळलेली पानं धुवून दोन-तीन टाकली की पाणी चहासारखं तांबूस होतं. एंजलना ते मानवतं आणि अंड्यांवर बुरशीही कमी धरते.

जोडी पट्टी चोखून साफ करायला लागली की एक-दोन दिवसांत अंडी. मादी रांगेने चिकटवत जाते, नर मागून फिरतो. दोन-तीनशे अंडी सहज होतात. नवी जोडी पहिल्या काही वेळी ती खाऊन टाकते. त्यांना शिकू द्यायचं असेल तर थांबा, पिल्लं हवी असतील तर पट्टी उचला. पट्टी हवेत उघडी न ठेवता पाण्याच्या भांड्यातूनच हलवायची. छोट्या टँकमध्ये त्याच टँकचं पाणी, तेच तापमान, फिकट निळं होईल एवढं मेथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध), आणि अंड्यांच्या शेजारी हवेचा दगड. बुडबुडे अंड्यांवर आदळायचे नाहीत, पाणी हलतं राहिलं पाहिजे. स्पंज इथे नको, मेथिलिन ब्लू त्यातले जिवाणू मारतं.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि शेपट्या वळवळताना दिसतात. इथे नवखे लोक खायला घालायला धावतात. घालू नका. पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी असते, ती संपेपर्यंत ते खात नाही आणि आपण टाकलेलं कुजून पाणी बिघडतं. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं सुटी पोहायला लागली की त्याच दिवशी खाणं सुरू. तेही आर्टेमियाच, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या बारीक जिवाची नुकती फुटलेली पिल्लं. उकडलेल्या अंड्याच्या बलकावर पिल्लं जगवणारे आहेत, पण त्या बलकाने पाणी असं नासतं की जगलेल्यांपेक्षा गेलेली जास्त.

आर्टेमिया काढायला एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम खडे मीठ, बारीक अर्धा चमचा अंडी आणि खालून जोराची हवा. आमच्या हलक्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडाही टाकावा लागतो, कारण ती अंडी पीएच आठच्या वर चांगली फुटतात. निपाणीला दादाला सोड्याची गरज पडत नाही. पाणी 26 ते 28 अंश असेल तर एका दिवसात फुटतात. डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरात ठेवलेली बाटली दोन दिवस झाले तरी तशीच, म्हणून मी ती मोठ्या टँकच्या पाण्यात हीटरजवळ उभी बुडवून ठेवते. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात. खाली बॅटरीचा उजेड धरला की नारिंगी जीव तिथे गोळा होतात. ते नळीने ओढून घ्यायचे, दाट विणीच्या रुमालातून गाळायचे आणि गोड्या पाण्याने खळबळून पिल्लांना द्यायचे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे पोचलं. तळ रोज बारीक नळीने साफ करा आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी परत घाला. सासूबाई याला माझं तिसरं बाळंतपण म्हणतात.

क्रिबेन्सिस याच पाण्यात आणि निम्म्या कष्टात होतो. खानापूरच्या कुंभाराकडची छोटी कुंडी उपडी ठेवून काठाला एक तुकडा फोडला की झाली गुहा. मादीचं पोट जांभळट लाल झालं की अंड्यांची वेळ आली असं समजायचं. आईबाप पिल्लं स्वतः सांभाळतात, तुम्ही लुडबुड करू नका. एक लक्षात ठेवा: पाणी आम्लाकडे झुकलं तर पिल्लांत नर जास्त निघतात. सगळे नरच व्हायला लागले तर बदामाची पानं काढा आणि पीएच सातच्या जवळ आणा.

निपाणीची रीत वेगळी. दादाचा टँक चार फुटी, साधारण अडीचशे लिटरचा. तिथे मी वर बाद केलेली शहाबादी फरशीच मुख्य. घराच्या कामातून उरलेले तुकडे रचून त्याने गुहा केल्यात. फरशी थेट काचेवर बसवायची आणि वाळू नंतर भोवती ओतायची. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला ढीग कलतो आणि काच फुटते. एका नराला तीन-चार माद्या. खाण्यात स्पिरुलिना (शेवाळाचं खाणं), वाफवलेला पालक, सोललेला मटार. रक्तकिडे, मांस असलं काही नको, पोट फुगून मासे मरतात. मलावीच्या वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवल्या तर त्या आपसात मिसळतात आणि ती पिल्लं ना धड या जातीची ना त्या. पैदास करायची तर एकच जात ठेवा.

यांच्यात अंडी दगडावर राहत नाहीत. मादी ती तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे काही न खाता तशीच फिरते. हनुवटी खाली लोंबल्यासारखी दिसते. दोन आठवडे झाले की रात्री दिवे मालवून अलगद पकडा आणि वेगळ्या टँकमध्ये ठेवा. पकडताना घाबरली तर ती सगळं थुंकून टाकते. काहीजण मादीचा जबडा उघडून पिल्लं काढतात. मला ते पटत नाही, तिची वेळ झाली की ती सोडतेच. एका वेळी दहा-वीसच पिल्लं, पण सेंटिमीटरभर लांब आणि पहिल्या दिवसापासून भुकटी खाणारी. आर्टेमियाचा खटाटोप नाही. पिल्लं सोडल्यावर मादीला चार दिवस एकटीला खाऊ घाला आणि मगच परत सोडा, नाहीतर अशक्त मादीला बाकीचे फाडतात.

फ्लॉवरहॉर्नचं विचाराल म्हणून सांगते: मलेशियात 1990च्या दशकात केलेला तो संकर आहे, नर बऱ्याचदा वांझ निघतो, आणि लोक मानतात तसं त्याच्या कपाळावरच्या गाठीत घराचं भाग्य नसतं. हौस असेल तर पाळा, पैदाशीचे हिशोब मांडू नका.

करंटचं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात एकदा गेला की कधी येईल नेम नाही. हीटर लिटरला एक वॅट असा घ्या आणि टँकच्या तीन बाजूंना थर्माकोल लावा. उबदार पाणी तासन् तास टिकतं. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. करंट नसेपर्यंत खाणं बंद. बंद डब्याचा फिल्टर असेल तर त्यातलं अडकलेलं पाणी कुजतं. बराच वेळ गेला असेल तर सुरू करण्याआधी ते ओतून द्या आणि आतला स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळा.

जास्त झालेली पिल्लं बेळगावच्या किल्ला तळ्यात किंवा मलप्रभा नदीत सोडायची नाहीत. चिलापीने आपल्या तळ्यांत काय केलं ते कुठल्याही कोळ्याला विचारा. बेळगावचे दुकानदार नाण्याएवढी झालेली पिल्लं घेतात, त्याआधी नाही. त्यांचं पाणी कसं आहे ते आधी विचारा. हलक्या पाण्यातली पिल्लं जड पाण्यात, किंवा उलट, एकदम ओतली तर दोन दिवसांत झुरतात. पाण्याची नळी गाठ मारून बारीक करायची आणि तासा-दोन तासांत थेंबथेंब नवीन पाणी मिसळायचं.

एसटीने न्यायची असतील तर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा. लांब जायचं असेल तर दुकानातून ऑक्सिजन भरून घ्या. पिशवी दुहेरी करा, कोपरे रबराने बांधा म्हणजे पिल्लं चेमटत नाहीत, आणि थंडीत थर्माकोलच्या खोक्यात घाला. खोकं मांडीवर घ्या. इंजिनाजवळ किंवा वरच्या फळीवर नको, कंडक्टर काहीही म्हणू दे.