गुडघा बदलल्यावर उशी कुठे ठेवायची?

घरी आल्यावर पहिली चूक पलंगावरच होते. गुडघा ठणकतो म्हणून कुणीतरी मायेनं त्याखाली उशी सरकवतं. बरं वाटतं, पण पाय तसा वाकलेलाच राहिला की सांध्याची मागची बाजू आखडते, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी राहते. उशी टाचेखाली हवी, गुडघा अधांतरी. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजून सोडायचा. असं दहा वेळा.

वाकवण्यासाठी पलंगावर टाच कुल्ल्याकडे ओढायची. चादर अडवत असेल तर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घ्या, पाय सरसर सरकतो. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकल्यावर नडगी ओळंब्यासारखी सरळ उभी राहिली की 90 अंश झाले. दोन आठवड्यांत साधारण तिथवर यायला हवं. सहा आठवड्यांनीही जमत नसेल तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका, सर्जनला दाखवा. गरज पडल्यास भूल देऊन गुडघा वाकवतात, पण आतले व्रण घट्ट झाल्यावर त्याचा उपयोग कमी होतो.

वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. दुखायला लागल्यावर घेतली तर व्यायाम बुडतो. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, जखमेची पट्टी भिजू न देता.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बरेच जण नेमकी उलट धरतात. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. खुर्ची हाताची आणि किमान 18 इंच उंच हवी. भारतीय संडास, पाट, मांडी घालून बसणं हे सगळं बंद.

मालीशवालीला मात्र स्पष्ट नाही म्हणा. या दिवसांत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणूनच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा.

टाके साधारण 12 ते 14 दिवसांनी निघतात. जखमेतून पाणी येत असेल तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. तिनं जंतू अर्धवट दबतात, तपासणीत सापडत नाहीत आणि आतल्या सांध्यापर्यंत पोचलेला संसर्ग लपून राहतो. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच फोन करा.

गरमपणा आणि सूज काही महिने राहते. चालताना टक्-टक् आवाज येतो तो धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर टेकल्याचा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहील. छेद देताना त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे तो थोडाफार कायमचाही असू शकतो.